चुलीचा धूर आणि लेकराची धाप

थंडी पडलीय, दारं लावून स्वयंपाक चाललाय आणि घराघरात लेकरं खोकतायत. म्हणून आज धुराबद्दल बोलू.

प्रदूषण म्हटलं की कारखाने नाहीतर शहरातल्या गाड्या डोळ्यांपुढे येतात. पण पऱ्हाट्या, गोवऱ्या, ओलं सरपण पेटलं की त्या धुरात केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाएवढे बारीक कण असतात. ते नाकात अडत नाहीत, पार फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. लहान मूल आपल्यापेक्षा भराभर श्वास घेतं, त्याच्या श्वासनळ्या अरुंद, आणि ते असतं कुठे? आईच्या कडेवर, चुलीपाशी. घरातल्या धुराने लहान मुलांच्या न्यूमोनियाचा धोका जवळजवळ दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

साधी सर्दी की न्यूमोनिया, याचा अंदाज घरीच येतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी श्वास मोजायला मणी आणि एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ असलेलं साधन बनवलं. अक्षरओळख नसलेल्या बायांनाही ते जमलं. आपल्याकडे तर मोबाइलचं घड्याळ आहे. बाळ शांत असताना, रडत किंवा पीत नसताना, झबलं वर करा, पोटाकडे बघा आणि पूर्ण एक मिनिट मोजा. पोट एकदा वर-खाली झालं की एक श्वास. खोकला आहे आणि वर्षाच्या आतल्या बाळाचे श्वास ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त भरले, तर त्याच दिवशी आशाताईला गाठा, दवाखान्यात जा. दोन महिन्यांच्या आतलं तान्हं असेल तर आकडा ६०, आणि मग थेट मोठा दवाखाना. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडतोय, बाळ अंगावर पीत नाही, तर १०८ ला फोन लावा. बिब्बा, चटके यात वेळ घालवू नका. जखम होते ती वेगळीच.

आता चूल. उज्ज्वला योजना २०१६ साली आली, शेगड्या आल्या, पण टाकी भरायला पैसे नसले की चूल पुन्हा पेटते. त्यात तुमचा दोष नाही. निदान अंघोळीचं पाणी अंगणात तापवा, सरपण वाळवून घ्या, उबेसाठी बाळाला चुलीजवळ निजवू नका.

आणि बाळाची धुरी! ओव्याची असो की शेपाची, तोही धूरच. बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी तर त्याहून वाईट, त्या विषारी वायूला वासही नसतो. सासूबाई ऐकणार नाहीत, ठाऊक आहे मला. पुढच्या बैठकीला त्यांनाच सोबत आणा, आणि सगळ्यांसमोर एखाद्या बाळाचे श्वास त्यांनाच मोजायला सांगा.