टोपली उघडली पाहिजे



आमच्या लहानपणी आठवडी बाजारात औषधे विकणारा साप-मुंगसाची लढाई दाखवतो म्हणून गर्दी जमवी. टोपली मात्र शेवटपर्यंत उघडत नसे. जडीबुटी तेवढी खपे.

गेल्या आनंदमेळ्यात आपल्या प्रवेशाच्या टेबलाकडे कोणी फिरकेना. पहिलीत तेव्हा अवघी अकरा मुले. अखेर सातवीतल्या एका मुलीने तिथेच जादू मांडली. काठोकाठ भरलेल्या पेल्यावर पुठ्ठा धरून तिने तो उलटा केला. पाणी सांडले नाही. हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी ओतली. ते कुंकवासारखे लाल झाले. बघता बघता गर्दी लोटली.

मी हळूच म्हटले, "अगं, रहस्य सांगू नकोस, लोक निघून जातील."

ती म्हणाली, "बाई, मग आपली शाळा कशाला?"

आणि तिने स्वच्छ मराठीत सांगितले: पुठ्ठा खालून हवेच्या दाबाने तोलला जातो, चुना आम्लारी असल्याने हळद रंग पालटते. वर लिंबू पिळून तिने ते पाणी पुन्हा पिवळे करून दाखवले. लोक गेले नाहीत; मुले पुढे सरसावली. त्या दिवशी प्रवेश दोनच झाले, पण मी माझ्याच विद्यार्थिनीकडून धडा घेतला.

परप्रांतात मराठी शाळा टिकवताना गर्दी जमवावीच लागेल. मात्र आपण टोपली उघडणारे आहोत. आपली मुले-नातवंडे घेऊन या आणि आत काय आहे ते पाहा.