आधी विचारूया, मग सांगूया



मी पालघर जिल्ह्यात अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणाचं काम करते. आपण पालकांना सतत सांगत असतो: मुलाला रोज पाठवा, वजन करून घ्या, अंडं द्या. पण "तुम्हाला काय हवंय?" हे आपण किती वेळा विचारतो?

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढे ते कोसबाडला गेलं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येत नव्हती, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. २ ऑक्टोबर १९७५ला एकात्मिक बालविकास सेवा योजना आली आणि अंगणवाडी देशभर पोचली. पण अंगणात जायचं, तर त्या घराचं ऐकूनही घ्यायला हवं ना?

अमेरिकेत 'हेड स्टार्ट' हा कार्यक्रम १९६५ पासून गरीब घरांतल्या लहान मुलांसाठी चालतो. तिथले कर्मचारी पालकांसोबत बसून त्या कुटुंबाचं ध्येय ठरवतात. ते मुलाबद्दलच असतं असं नाही. आईला अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायचंय, बापाला चांगलं काम शोधायचंय, हेही ध्येयच. घर सावरलं, तर मूल सावरतं.

आपल्याकडे हे कसं जमेल? आमच्या भागातली बरीच कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. अशाच एका घरी मी सेविकाताईंबरोबर गेले होते. ताईंच्या डोक्यात धाकटीचं वजन होतं. तरी त्यांनी आधी विचारलं, "पुढच्या सहा महिन्यांत काय व्हावंसं वाटतं?"

आई म्हणाली, "भट्टीवर धाकटीला सांभाळायला थोरली थांबते. तिची शाळा बुडू नये."

बघा, प्रश्न शाळेचा होता आणि उत्तर अंगणवाडीत होतं! धाकटीची सोय झाली, तरच थोरली मोकळी होणार होती.

मग वहीत चार कामं लिहिली. भट्टीजवळची अंगणवाडी शोधायची, ताईंनी. पोषण ट्रॅकरवर धाकटीची नोंद तिकडे वळवायची, तीही ताईंनी. थोरलीच्या शाळेसाठी गुरुजींना भेटायचं, वडिलांनी. धाकटीला सोडायला-आणायला भट्टीवरच्या बायांशी बोलून पाळी लावायची, आईनं. प्रत्येक कामापुढे तारीख.

सगळं सुरळीत झालं का? नाही. बाया कामात अडकल्या की थोरली घरीच राहायची. पण आधीच्या हंगामात जी शाळेत गेलीच नव्हती, ती या वेळी आठवड्यातले तीन-चार दिवस जाऊ लागली. आणि धाकटीला अंगणवाडीतलं गरम जेवण मिळू लागलं. म्हणजे ताईंच्या मनातलं कामही मार्गी लागलं.

म्हणून सेविकांना मी एवढंच सांगते. ध्येय एकच घ्या. ते घरच्यांच्याच शब्दांत लिहा. पहिलं पाऊल या आठवड्यात पडेल इतकं लहान ठेवा. पुढच्या भेटीत त्याचीच चौकशी आधी करा. जमलं नसेल तर रागवू नका, पाऊल आणखी लहान करा.

तुम्ही इंदूरला असा, बेळगावला असा, नाहीतर हैदराबादला. शिक्षक असा किंवा बालवाडीताई. पुढची पालकसभा सूचनांनी नको, एका प्रश्नानं सुरू करा. आणि उत्तर येईपर्यंत थांबा.