सेल्फ बदलण्याआधी वायर तपासा
(वसई परिसरातील शेतमाल वाहतूकदार शेतकऱ्यांच्या बैठकीतील भाषण)



आगाशीची सुकेळी दोन दिवस घरात राहिली तरी बिघडत नाहीत. मोगऱ्याची कळी मात्र थांबत नाही. ती उमलली की भाव पडला. पालेभाजीचंही तेच. रात्री माल भरून ठेवलेली गाडी पहाटे तीनला नुसतं 'टक' करून गप्प बसली, तर दादरचा किंवा वाशीचा बाजार आपल्यासाठी खोळंबत नाही. विरारहून लोकलनं पाट्या नेणाऱ्या बायका वेळेवर पोचतात आणि टेम्पोतला माल अंगणातच सुकतो.

मग काय होतं? कुणीतरी 'सेल्फ गेला' म्हणतो, सेल्फ बदलला जातो. चार दिवसांनी पुन्हा तेच. मग बॅटरी बदलायची. मी शेतकी शिकलेला माणूस, मला हा प्रकार ओळखीचा वाटतो. पान पिवळं पडलं की टाक युरिया! मुळाशी पाणी साचलंय की लोह कमी पडलंय, हे पाहायचंच नाही. रोग न ओळखता औषध मारलं, तर खर्चही आपला आणि रोगही आपलाच.

वीज पाण्यासारखी समजा. बावखलातलं पाणी पंपानं उचललं, पण पाइपाच्या सांध्यात गाळ बसला, तर शेवटच्या वाफ्याला धार पोचत नाही. दोष ना पंपाचा, ना वाफ्याचा. फरक एवढाच की विजेला परतही यावं लागतं. ती इंजिनातून, चासीतून, अर्थिंगच्या पट्टीतून बॅटरीकडे परतते. आपल्याकडे खारी हवा आणि चार महिने पाऊस. वायर वरून धड दिसते, आत तांबं हिरवं पडलेलं असतं.

आता तपासणी. ही जुन्या गाड्यांसाठी आहे, म्हणजे 1986 साली आलेल्या टाटा 407 च्या पहिल्या पिढीच्या आणि तशाच डिझेल ट्रक-टेम्पोंसाठी. कॉम्प्युटर असलेल्या नव्या गाडीच्या वायरीत टेस्ट लॅम्प खुपसू नका.

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड. हेडलाइट लावा, चावी फिरवा आणि दिव्याकडे बघा.

1. दिवा मुळातच लागत नाही, किंवा चावी फिरवताच पार मंदावतो आणि 'टक टक' होते: बॅटरी उतरली आहे, किंवा टर्मिनल वा अर्थिंग खराब आहे.

2. दिवा तसाच झगझगीत, सेल्फ गप्प: सेल्फच्या सोलेनॉइडवर चावीकडून येणाऱ्या बारीक वायरीला टेस्ट लॅम्प लावा. चावी फिरवल्यावर लॅम्प लागला नाही, तर दोष चावीच्या स्विचात किंवा त्या वायरीत. लागला, तर सोलेनॉइड किंवा सेल्फ बघा.

3. सेल्फ भिरभिरतो, इंजिन फिरत नाही: सेल्फचा दात फ्लायव्हीलला धरत नाही.

4. इंजिन जोरात फिरतं, पण सुरू होत नाही: सेल्फला हात लावू नका. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. डिझेलच्या लाइनीत हवा शिरली आहे का, बंद करायची केबल ओढलेलीच राहिली आहे का, ते बघा. गाडी पेट्रोलची असेल तर ठिणगीची बाजू तपासा.

आता मीटर. बारा व्होल्टची भरलेली बॅटरी शांत असताना साधारण 12.6 दाखवते, सेल्फ मारताना 9.6 च्या खाली जाऊ नये. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लस खुंटीवर, दुसरं सेल्फच्या जाड बोल्टवर धरा आणि दुसऱ्याला चावी फिरवायला सांगा. आकडा अर्ध्या व्होल्टहून जास्त आला, तर वीज वाटेतच मुरते आहे. तसंच मायनस खुंटी आणि सेल्फचं अंग यांच्यात मोजा. दोन बॅटऱ्यांच्या 24 व्होल्ट गाडीला हे आकडे दुप्पट धरा.

सांधा सापडला की मायनस आधी काढा, साफसफाई झाल्यावर तो शेवटी लावा. ब्रशनं खरवडा, बोल्ट आवळा, वर व्हॅसलिन लावा.

आणि एक हात जोडून सांगणं. पान्ह्यानं सोलेनॉइड जोडून गाडी सुरू करायची सवय सोडा. गाडी गिअरमध्ये असली तर ती माणसाच्या अंगावर येते. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीनं पेट घेतो. फ्यूजच्या जागी तार गुंडाळू नका. वायर पेटली तर मालासकट गाडी जाईल.

प्रत्येक गावानं मिळून एक मीटर, एक टेस्ट लॅम्प, एक तारेचा ब्रश आणि पान्हे ठेवावेत. दर गाडीची वही करावी: कधी काय मोजलं, काय बदललं. पावसाळ्याआधी एकदा आणि पाऊस सरल्यावर एकदा सगळे सांधे उघडून साफ करावेत. मिस्त्री आपलाच माणूस आहे, त्याच्याशी भांडण नाही. पण 'सेल्फ गेला' म्हणणाऱ्याला आधी विचारा, 'किती व्होल्ट आले?' आकडा दाखवला तर पैसे मोजा. मालाचा भाव आपल्या हातात नसेल, पण पहाटे तीनची चावी तर आपल्याच हातात आहे!