विधेयक आणि नागरिकाचे पत्र
(पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



कायदा झाल्यावर त्याची चर्चा गावोगाव होते. तो विधेयकाच्या स्वरूपात असताना मात्र ती क्वचितच होते. वास्तविक विधेयक सभागृहासमोर असते तोवरच त्यातील एखादा शब्द बदलणे तुलनेने सोपे असते. राष्ट्रपतींची वा राज्यपालांची संमती मिळून कायदा झाला, की तोच शब्द बदलण्यासाठी नवे सुधारणा विधेयक आणावे लागते किंवा न्यायालयाची पायरी चढावी लागते. म्हणून लोकप्रतिनिधीस वेळेवर लिहिलेले नेमके पत्र हे नागरिकाच्या हातातील मोलाचे साधन होय. ते परिणामकारक कसे व्हावे, हा आजचा विषय आहे.

एका तारखेचे मोल

विधेयकातील एका तारखेवर किती संसार अवलंबून असू शकतात, हे वनहक्क कायद्याच्या इतिहासावरून ध्यानी येते. १३ डिसेंबर २००५ रोजी लोकसभेत अनुसूचित जमातींच्या वनहक्कांना मान्यता देणारे विधेयक मांडण्यात आले. त्यात जमिनीवरील ताब्यासाठी २५ ऑक्टोबर १९८० ही मुदत घातली होती. वन (संवर्धन) अधिनियम अमलात आला तो हा दिवस. जमिनीची कमाल मर्यादा अडीच हेक्टर होती आणि हक्क केवळ अनुसूचित जमातींपुरते होते. म्हणजे १९८५ साली वनजमीन कसू लागलेले आदिवासी कुटुंब बाहेर राहणार होते. आणि पिढ्यान् पिढ्या जंगलाच्या आधाराने जगणारे, पण जमातींच्या यादीत नसलेले कुटुंबही बाहेर राहणार होते.

हे विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे सोपविण्यात आले. श्री. व्ही. किशोर चंद्र देव हे तिचे अध्यक्ष होते. समितीपुढे निवेदने आली, साक्षी झाल्या आणि मे २००६ मध्ये तिचा अहवाल सादर झाला. डिसेंबर २००६ मध्ये संसदेने जो कायदा संमत केला, त्यात मुदतीची तारीख १३ डिसेंबर २००५ झाली होती. 'इतर पारंपरिक वननिवासी' हे शब्द कायद्याच्या नावातच आले होते. आणि दाव्यांच्या निर्णयप्रक्रियेचा आरंभ ग्रामसभेपासून व्हावा, असे ठरले होते. पुढे २००९ साली गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, तो याच कायद्यान्वये.

हे सारे केवळ पत्रांनी घडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्यामागे दीर्घ चळवळ होती, अनेक संघटनांचे श्रम होते. तसेच समितीची प्रत्येक शिफारस मान्य झाली, असेही नाही. जमिनीची मर्यादाच नसावी असे समितीचे मत होते. संसदेने ती चार हेक्टर ठेवली. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. समिती कागदावर काम करते. जे तिच्यापुढे लेखी व नेमक्या शब्दांत येते, त्याचाच विचार तिला खंडनिहाय करता येतो.

केव्हा आणि कोणास लिहावे

विधेयकाचा प्रवास ठरावीक टप्प्यांतून होतो. कित्येकदा शासन प्रथम मसुदा प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागविते. केंद्र शासनाच्या २०१४ सालच्या धोरणानुसार असा मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर राहावा, अशी अपेक्षा आहे. या टप्प्यावर पत्र संबंधित विभागाकडे पाठवावे. विधेयक सभागृहात मांडले गेल्यावर ते आपल्या मतदारसंघाच्या सदस्यास लिहावे. ते समितीकडे गेले असल्यास समितीच्या जाहीर सूचनेत दिलेल्या पत्त्यावर, मुदतीच्या आत निवेदन धाडावे व त्याची प्रत आपल्या सदस्यास द्यावी. खंडशः चर्चा सुरू झाल्यावर पोहोचलेले पत्र बहुधा फायलीतच राहते. कायदा झाल्यानंतरही एक संधी उरते. त्याखालील नियमांचा मसुदा राजपत्रात प्रसिद्ध झाल्यास त्यावर हरकती नोंदविता येतात, आणि सामान्य माणसाला रोज सामोरे जावे लागते ते बहुधा या नियमांनाच.

विधेयक संसदेचे असेल तर खासदारास आणि राज्याचे असेल तर आमदारास लिहावे, हे उघड आहे. मात्र विधान परिषदेचा विसर पडू नये. तिच्या ७८ सदस्यांपैकी २२ स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मतदारसंघांतून आणि ७ शिक्षक मतदारसंघांतून निवडून येतात. पंचायत आणि शाळा यांच्याशी निगडित विधेयकांबाबत हे सदस्य जवळचे ठरतात.

आधी वाचन, मग लेखन

वर्तमानपत्रातील मथळा वाचून पत्र लिहू नये. विधेयकाची प्रत मिळवावी. तिच्या अखेरीस 'उद्देश व कारणे' यांचे निवेदन असते. ते आधी वाचावे. शासनाचा हेतू काय आणि प्रत्यक्ष खंड काय सांगतो, यांत अंतर आढळले तर तोच पत्राचा सर्वांत बळकट मुद्दा होय. व्याख्यांचा खंड बारकाईने पाहावा. कोण आत आणि कोण बाहेर, हे बहुधा तेथेच ठरते. 'विहित केल्याप्रमाणे' हे शब्द कोठे आले आहेत, तेही पाहावे. कारण तेवढी बाब पुढे नियमांवर सोपविलेली असते.

पत्राचा घाट

वनहक्क विधेयकासंबंधी २००६ च्या आरंभी लिहिलेली दोन पत्रे कल्पनेने डोळ्यांसमोर आणावीत. पहिल्या पत्रात असा मजकूर आहे: 'हे विधेयक गरिबांवर घोर अन्याय करणारे असून आम्ही त्याचा तीव्र निषेध करतो. तरी आपण याकडे जातीने लक्ष घालावे.'

दुसऱ्या पत्रात असे लिहिले आहे: 'विधेयकात ताब्यासाठी २५ ऑक्टोबर १९८० ही मुदत आहे. आमच्या गावातील ४२ कुटुंबे वनजमीन कसतात. पैकी १७ कुटुंबांकडील दंडाच्या पावत्या १९८० नंतरच्या आहेत. या कुटुंबांना दुसरी जमीन नाही. म्हणून या तारखेऐवजी विधेयक मांडल्याचा दिनांक घालावा, अशी विनंती आहे. पावत्यांच्या प्रती व ग्रामसभेचा ठराव सोबत जोडला आहे.'

पहिल्या पत्राची फार तर मोजणी होईल. दुसरे पत्र हाती असलेल्या सदस्यास सभागृहात उभे राहून सुधारणा सुचविता येईल. कारण त्यात खंडातील दोष, गावातील वस्तुस्थिती, मागणी आणि पुरावा या चारही गोष्टी आहेत. पत्र एका पृष्ठाचे असावे व त्यात एकच विषय असावा. लिहिणारा कोण, कोणत्या गावचा, त्याचा या प्रश्नाशी संबंध काय, हे पहिल्याच परिच्छेदात यावे. विधेयकातील चांगल्या तरतुदीचा उल्लेख मोकळेपणाने करावा. त्याने आक्षेपाचे वजन वाढते. छापील मजकुराखाली शंभर सह्या घेण्यापेक्षा दहा माणसांनी आपापला अनुभव आपापल्या शब्दांत लिहिणे अधिक परिणामकारक असते.

भाषेची भीती बाळगण्याचे कारण नाही. राज्यघटनेच्या ३५० व्या अनुच्छेदाने प्रत्येक व्यक्तीला संघात वा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत संघाच्या वा राज्याच्या प्राधिकाऱ्याकडे आपले गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क दिला आहे. साधी, शुद्ध मराठी पुरेशी आहे.

या बाबतीत महाराष्ट्रापुढे एक थोर आदर्श आहे. १८८२ साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन सादर केले. त्याखाली त्यांनी आपली ओळख व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सदस्य अशी दिली. मुलींची शाळा चालविण्याचा स्वतःचा अनुभव त्यांनी सांगितला आणि मागणी मोघम ठेवली नाही: प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, असे स्पष्ट लिहिले. ती मागणी त्यांच्या हयातीत मान्य झाली नाही. परंतु पुढच्या पिढ्यांना ती पुनःपुन्हा हाती घेता आली, कारण ती नेमक्या शब्दांत कागदावर होती.

पंचायत, शाळा आणि कार्यालय

एकट्याच्या पत्राला ग्रामसभेच्या ठरावाची जोड मिळाली, की ते गावाचे म्हणणे होते. ठरावात उपस्थितांची संख्या आणि मतभेद असल्यास तेही प्रामाणिकपणे नोंदवावेत. ज्यांच्यावर कायद्याचा परिणाम होणार त्या भूमिहीन, स्त्रिया, वाडीवस्तीवरील लोक यांनाच सभेत बोलू द्यावे. त्यांच्यावतीने इतरांनी बोलून भागत नाही.

शिक्षकांना यात मोठे काम आहे. विधेयकाचा अर्थ सोप्या भाषेत समजावून सांगणे, ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत उतरविणे, हे लोकशिक्षणच होय. अधिकाऱ्यांनी विधेयकाची प्रत, मुदत आणि पत्ता पंचायतीच्या सूचनाफलकावर वेळीच लागेल, एवढे पाहिले तरी पुष्कळ साधेल. अर्थात शासकीय सेवकांवर वर्तणूक नियमांचे बंधन आहे. स्वतःच्या सेवाविषयक बाबींसाठी लोकप्रतिनिधींमार्फत दबाव आणणे त्यांना निषिद्ध आहे, आणि शासनाच्या धोरणाविषयीची आपली मते त्यांनी विभागामार्फतच मांडावीत, हे श्रेयस्कर.

पत्र पाठविल्यावर त्याची स्थळप्रत व पोहोच जपून ठेवावी. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास सदस्य मतदारसंघात आले असता समक्ष भेटून आठवण द्यावी. सूचना मान्य झाली तर आभाराचे दोन शब्द लिहावेत. अमान्य झाली तर कारण विचारावे.

मत देण्याचा दिवस पाच वर्षांतून एकदा येतो. विधेयके मात्र प्रत्येक अधिवेशनात येतात. पुढील अधिवेशनापूर्वी प्रत्येक पंचायतीने आपल्या गावाशी संबंध असलेले एक तरी विधेयक मिळवून ग्रामसभेत वाचावे आणि त्यावरील आपले म्हणणे मुदतीच्या आत योग्य ठिकाणी पोहोचवावे, एवढी या वर्गाकडून अपेक्षा आहे.