साधा ताप आणि गमावलेले दोन दिवस



10 जून 1918 रोजी मुंबई पोलीस दलातील सात शिपाई तापाने आजारी होऊन रुग्णालयात दाखल झाले. तो हिवताप नव्हता. पाहता पाहता मुंबई शहर त्या तापाने ग्रासले आणि सप्टेंबरनंतर आलेल्या दुसऱ्या लाटेने सारा देश व्यापला. त्या साथीत भारतात किमान 1 कोटी 20 लाख माणसे दगावली असावीत, असे अभ्यासक मानतात. आपला धाराशिव जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. पण संस्थानाच्या सीमेवर ताप अडत नाही. तो देशभर रेल्वेने पसरला आणि कुर्डुवाडी-बार्शीहून येडशीमार्गे जाणारी अरुंद रुळांची गाडी 1911 सालीच लातूरपर्यंत पोहोचलेली होती.

त्यानंतर एक्याण्णव वर्षांनी, 3 ऑगस्ट 2009 रोजी, पुण्यात चौदा वर्षांच्या एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. स्वाइन फ्लूचा देशातील हा पहिला बळी. त्या आठवड्यातील पुणे अनेकांना आठवत असेल. नायडू रुग्णालयासमोर रांगा, मास्कचा काळाबाजार, गळ्यात कापूर-वेलचीच्या पुरचुंड्या! साध्या पडशाची माणसे तपासणीसाठी तासन्‌तास उभी राहिली आणि खरोखर अत्यवस्थ होत चाललेले काही रुग्ण घरी 'उतरेल ताप' म्हणत थांबले. घाबरटपणा आणि बेफिकिरी ही जुळी भावंडे आहेत. साथीच्या दिवसांत ती एकाच घरात नांदतात.

जागतिक आरोग्य संघटनेने ऑगस्ट 2010 मध्ये ती महासाथ संपल्याचे जाहीर केले. विषाणू मात्र गेला नाही, तो नेहमीच्या फ्लूमध्ये मिसळून राहिला. 2015 साली देशात सुमारे 42 हजार रुग्ण आणि जवळजवळ 3 हजार मृत्यू नोंदले गेले. आपल्याकडे तो पावसाळ्यात आणि पुन्हा हिवाळ्याच्या अखेरीस उचल खातो. पावसाळा सरतो न सरतो तोच तुळजापूरचे नवरात्र येते, कोजागरीला सोलापूरकडून पायी चालत येणाऱ्यांचे लोंढे लागतात. हिवाळ्यात वाशी, भूम, कळंब भागांतील ऊसतोड कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राच्या फडांवर, पालांत असतात. त्यांत गरोदर स्त्रिया असतात, तान्ही मुले असतात. एका दिवसाची मजुरी बुडवून दवाखाना गाठणे त्यांना किती अवघड, हे शहरात बसून उमजत नाही.

मग ओळखावे कसे? केंद्रीय आरोग्य खात्याने यासाठी तीन गट सांगितले आहेत. पहिल्या गटात बेताचा ताप, खोकला, घसादुखी, अंगदुखी असते. येथे तपासणीची गरज नाही आणि फ्लूवरील विशेष औषधाचीही नाही. विश्रांती, भरपूर पाणी, पेज, तापासाठी पॅरासिटामॉल एवढे पुरे. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. आजीचा आले-तुळशीचा काढा खुशाल घ्यावा, घशाला बरे वाटते. परंतु काढ्याने न्यूमोनिया आवरत नाही, हेही आजीच्याच नातवंडांनी लक्षात ठेवले पाहिजे. या गटातील रुग्णाची प्रकृती 24 ते 48 तासांनी पुन्हा पाहायची असते, आणि नेमके तेच घडत नाही.

दुसऱ्या गटात जोराचा ताप व तीव्र घसादुखी असलेले रुग्ण येतात. त्याचप्रमाणे ताप सौम्य असला तरी गरोदर स्त्रिया, लहान मुले, 65 वर्षांवरील वृद्ध आणि मधुमेह, दमा, हृदय, मूत्रपिंड यांचे विकार असलेले रुग्णही याच गटात मोडतात. त्यांनी ताप उतरण्याची वाट पाहू नये, डॉक्टरांकडे जावे. ऑसेल्टामिविर हे औषध पहिल्या 48 तासांत सुरू झाल्यास सर्वाधिक उपयोगी पडते. उशिरा दिले तरी गंभीर रुग्णाला ते द्यावेच लागते. सरकारी रुग्णालयांतून ते विनामूल्य मिळते.

तिसरा गट धोक्याचा. धाप लागणे, छातीत दुखणे, थुंकीतून रक्त, गुंगी वा भान हरपणे, रक्तदाब उतरणे, नखे-ओठ निळसर पडणे; बाळाने दूध सोडणे, ते सतत किरकिरणे वा निपचित पडणे. येथे घरी थांबायचे नाही. ताप उतरून दोन दिवसांनी तो पुन्हा चढला आणि खोकला बळावला, तर तीही धोक्याची सूचना होय. कोरोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर घरात असेल तर तो काढावा. 94च्या खाली आकडा दिसला की रुग्णालय गाठावे.

आपल्या जिल्ह्यात अडते ते नेमके येथे. गावातला माणूस आधी जवळच्या दवाखान्यात एक सुई टोचून घेतो, दुसऱ्या दिवशी सलाईन लावून घेतो. सलाईनची बाटली संपेपर्यंत घरच्यांना धीर येतो. पण त्या बाटलीत फ्लूचे औषध नसते. प्रतिजैविकेही विषाणूवर चालत नाहीत. जिवाणूंचा संसर्ग वर चढला असेल तरच ती डॉक्टरांनी द्यायची. यात दोन-तीन दिवस जातात. मग परंडा-भूमची माणसे बार्शी गाठतात, कळंबची अंबाजोगाई वा लातूर, उमरगा-लोहाऱ्याची सोलापूर. धाराशिवमध्ये आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, ही मोठीच सोय झाली. परंतु निघायचे केव्हा, हा निर्णय घरच्या ओट्यावरच होतो. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन 'भारतवैद्य' म्हणून उभे केले, त्याचे महत्त्व यासाठीच. आज आशाताई गावोगावी आहेत. 'आता थांबू नका' हे त्यांनी सांगितले, तर सासूबाईही ऐकतात.

प्रतिबंधाचे म्हणाल तर त्यात नवे काही नाही. खोकताना तोंडावर रुमाल, पदर किंवा कोपर धरावे, साबणाने हात धुवावेत. ताप असलेल्या मुलाला शाळेत धाडू नये; हजेरीपटावरील एका दिवसासाठी अर्धा वर्ग आजारी पडतो. आजारी माणसाने देवदर्शनही पुढे ढकलावे, आई तुळजाभवानी रागावणार नाही. लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू रूप बदलतो. गरोदर स्त्रिया, मधुमेही आणि वृद्ध यांनी ती डॉक्टरांच्या सल्ल्याने जरूर घ्यावी. वडिलांच्या सत्तरीला शाल-श्रीफळ देताना लसीचाही खर्च करायला हरकत नाही.

आणि रात्री-अपरात्री धाप लागली, तर गावात गाडी कोणाची मिळेल हे शोधत बसू नये. 108 या क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात 2014 पासून धावते आहे. तिला पैसे पडत नाहीत. तो क्रमांक दाराआडच्या दिनदर्शिकेवर ठळक लिहून ठेवावा, कारण रात्री दोन वाजता मुलाचा मोबाइल कुठे ठेवला आहे हे आजोबांना सापडत नाही.