शतकें आणि संघाचें यश



गोंदियाकडून येणारा रस्ता मुंबई-कोलकाता महामार्गास जेथें मिळतो, तेथें आमचें कोहमारा वसलेलें आहे. त्यामुळें येथील चहाच्या दुकानांत बसणाऱ्यास चार मुलखांचीं मतें अनायासें ऐकावयास मिळतात. त्यांतील एक मत मीं इतक्या वेळां ऐकलें आहे कीं, त्याची एकदां नीट परीक्षा करावी असें मनांत आलें. तें मत असें : सचिन तेंडुलकरांचें शतक झालें कीं भारत हरतो. बोलणारा बहुधा हंसत बोलतो. पण मध्यंतरीं नववीच्या एका विद्यार्थ्यानें तें मला अशा गंभीरपणें सांगितलें, जणूं भूमितींतला सिद्धांतच! वर तो म्हणाला, “गुरुजी, ते स्वतःसाठीं खेळायचे.” येथें हा प्रश्न गमतीचा राहत नाहीं. 1989 पासून 2013 पर्यंत देशासाठीं खेळलेल्या माणसाच्या हेतूवरच हा आरोप आहे. आणि आरोप करावयाचा तर पुरावा पाहणें प्राप्त आहे.

प्रथम हिशेब पाहूं. तेंडुलकरांचीं आंतरराष्ट्रीय शतकें बरोबर शंभर. कसोटींत 51 व एकदिवसीय सामन्यांत 49. ह्यांपैकीं 53 शतकांच्या वेळीं भारत जिंकला व 25 वेळां हरला. उरलेल्या बावीसांत वीस कसोटी सामने अनिर्णित, एक सामना बरोबरींत व एक निकालावांचून संपला. एकदिवसीय सामन्यांपुरतें बोलावयाचें तर 49 पैकीं 33 वेळां विजय. ते एकंदर 463 एकदिवसीय सामने खेळले, त्यांत भारताच्या विजयांचें प्रमाण निम्म्याच्या आसपास आहे. शतकाच्या दिवशीं तेंच दोन-तृतीयांश झालें. म्हणजे ती लोकोक्ति साफ खोटी ठरते. मग ती रूढ कशी झाली? मला वाटतें, विजयाच्या गर्दींत शतक विसरलें जातें, आणि पराभवांतलें शतक मात्र एकटें उभें असल्यामुळें डोळ्यांत भरतें.

आपल्या विदर्भांतीलच उदाहरण घ्या. दिनांक 12 मार्च 2011, नागपूरनजीकचें जामठा येथील मैदान, विश्वचषकाचा सामना आणि समोर दक्षिण आफ्रिका. तेंडुलकर व सेहवाग यांनीं 142 धांवांची सलामी दिली. पुढें 101 चेंडूंत 111 धांवा काढून तेंडुलकर बाद झाले, तेव्हां फलकावर 267 धांवा होत्या आणि गेलेले गडी अवघे दोन. ह्यानंतर जें घडलें तें आठवलें म्हणजे अजूनही हळहळ वाटते. 267 वर एकच गडी बाद असलेला संघ 296 वर सर्व बाद झाला. नऊ गडी 29 धांवांत गेले! आफ्रिकेनें दोन चेंडू राखून सामना जिंकला. आतां हा पराभव 111 धांवा काढणाऱ्याच्या खात्यांत कोणत्या न्यायानें मांडावयाचा? मीं आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्या. ज्यानें अर्धी पत्रिका उत्तम सोडविली, त्याचे गुण शेजाऱ्यानें कोरीं पानें दिलीं म्हणून कापल्याचें मला स्मरत नाहीं.

शिवाय विजय हें एकच माप धरलें तर सुनील गावसकरांवर केवढा अन्याय होईल! त्यांच्या 34 कसोटी शतकांपैकीं भारताच्या विजयांत आलेलीं केवळ सहा. 1971 सालचा वेस्ट इंडीजचा दौरा पाहा. भारतानें तेथें पोर्ट ऑफ स्पेन येथें एक सामना जिंकला, त्यांत गावसकरांच्या धांवा 65 आणि नाबाद 67, शतक नाहीं. त्यांचीं त्या मालिकेंतील चारही शतकें अनिर्णित सामन्यांत आलीं. अखेरच्या कसोटींत प्रतिपक्षानें 166 धांवांची आघाडी घेतली होती. त्याच सामन्यांत पहिल्या डावांत 124 काढलेल्या ह्या तरुणानें दुसऱ्या डावांत 220 धांवा काढल्या, आणि सामना वांचला. सामना वांचला म्हणून मालिका 1-0 अशी आपल्या हातीं राहिली. वेस्ट इंडीजविरुद्धचा तो आपला पहिला मालिका-विजय. कोष्टकांत पाहाल तर त्या चार शतकांपुढें विजय शून्य!

तथापि आक्षेपकांचें म्हणणें सर्वस्वीं टाकाऊ आहे असें मी म्हणणार नाहीं. जामठ्याचें शतक नव्याण्णवावें होतें. शंभरावें त्यानंतर वर्षभरानें, 16 मार्च 2012 रोजीं मीरपूर येथें बांगलादेशाविरुद्ध झालें. 114 धांवांस 147 चेंडू लागले. भारताच्या 289 धांवा झाल्या आणि बाद झाले होते पांचच गडी. म्हणजे मागें खेळणारे शिल्लक होते व चेंडू मात्र संपले. बांगलादेशानें चार चेंडू राखून सामना जिंकला. त्या दिवशीं थोडी घाई झाली असती तर दहा-पंधरा धांवा वाढल्या असत्या, हें माझ्यासारख्या चाहत्यासही मान्य करावें लागतें. पण मंद खेळणें वेगळें आणि स्वार्थानें खेळणें वेगळें. सबंध वर्ष ज्या देशानें “शंभरावें कधीं?” म्हणून त्या माणसाचा पिच्छा पुरविला, त्या देशानें तरी हा दुसरा शब्द जपून वापरावा. आणि 289 धांवा राखण्याचें काम गोलंदाजांचें होतें, हेंही विसरतां येत नाहीं.

आतां पुन्हां 2011 च्या विश्वचषकाकडे वळूं. त्या स्पर्धेंत तेंडुलकरांचीं शतकें दोन. बंगळूर येथें इंग्लंडविरुद्ध 120, तो सामना बरोबरींत सुटला; दुसरें जामठ्याचें, तो आपण हरलों. चषक मात्र भारतानें जिंकला, आणि संघांत सर्वांत अधिक, 482 धांवा तेंडुलकरांच्याच होत्या. अंतिम सामन्यांत तर ते 18 धांवांवर बाद झाले. तो दिवस गंभीर आणि धोनी यांचा. परंतु तेथवर पोंचण्यासाठीं 30 मार्च रोजीं मोहाली येथें पाकिस्तानास हरवावें लागलें होतें. त्या दिवशींचा तेंडुलकरांचा डाव देखणा खासच नव्हता. चार वेळां त्यांचे झेल सुटले. तरी 85 धांवा झाल्या, भारत 29 धांवांनीं जिंकला आणि सामनावीराचा मान त्यांनाच मिळाला. शतकांची यादी पाठ म्हणणाऱ्या त्या मुलास ह्या 85 धांवांची कांहींच माहिती नव्हती.