शिकवण आणि शील

स्वतःला जप आणि शिकवणीलाही जप, असे पौलाने तरुण तीमथ्याला पत्रातून बजावले. वरवर ही दोन कामे दिसतात. पण ती एकमेकांवाचून होत नाहीत. पंडिता रमाबाईंचेच पाहा ना.

१८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तरीही, शास्त्रात जे आढळेना ते केवळ धर्मगुरू सांगतात म्हणून मानायला बाई तयार नव्हत्या. त्यावरून आपल्या हितचिंतकांशीही त्या वाद घालीत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली आणून त्यांनी सांभाळल्या. आणि पुढे केडगावच्या मुक्तिसदनात, हिब्रू व ग्रीक शिकून, सबंध बायबल सोप्या मराठीत उतरवले; कमी शिकलेल्या बाईलाही ते कळावे म्हणून! १९२२ साली, मरणाच्या जरा आधी, ते काम पुरे झाले.

रविवारी मतांगिकार तोंडपाठ म्हणायचा आणि सोमवारी मापात मारायचे, तर ती शिकवण ओठांपुरतीच. उलट, नुसता कळवळा असला आणि खाली श्रद्धेचा पाया नसला, तर माणूस लौकर थकतो. रमाबाई थकल्या नाहीत. का, याचा आपण विचार करावा.